तक्ता दिसतो, पण चाळता येत नाही

प्रति,
जिल्हाधिकारी कार्यालये, जिल्हा परिषदा, बाजार समित्या आणि इतर शासकीय कार्यालयांत आकड्यांचे तक्ते तयार करणारे व प्रसिद्ध करणारे सर्व अधिकारी आणि कर्मचारी यांस

विषय : प्रसिद्ध होणारा प्रत्येक तक्ता पीडीएफसोबत साध्या मजकुराच्या फाइलीतही मिळण्याबाबत.



पावसाळ्यात रोज सकाळी तुमच्यापैकी कोणीतरी महसूल मंडळनिहाय पावसाचा तक्ता तयार करते. मंडळाचे नाव, आजचा पाऊस, एक जूनपासूनचा पाऊस, सरासरीशी टक्केवारी. दुपारपर्यंत त्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत फिरू लागते आणि दुसऱ्या दिवशी आकडे वर्तमानपत्रात येतात. या कामाबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. हंगाम संपल्यावर एखाद्या गावचा सरपंच विचारतो, ‘आमच्या मंडळात यंदा किती दिवस ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला?’ चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्यांचे, मदतीचे गाडे त्यावरून पुढे सरकते. म्हणजे प्रश्न रिकामटेकडा नाही. उत्तरही तुमच्याच तक्त्यांत आहे. पण जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांच्या १२२ पीडीएफमध्ये ते विखुरलेले असते आणि ते वेचायला एका माणसाला वही-पेन घेऊन बसवावे लागते.

या पत्रात एकच गोष्ट सांगायची आहे. जो तक्ता चाळता येत नाही, तो अर्धाच प्रसिद्ध झालेला असतो. उरलेला अर्धा प्रसिद्ध करायला निधी लागत नाही, निविदा लागत नाही, नवे पोर्टल तर मुळीच लागत नाही. लागते ती तक्ता भरण्याची शिस्त, आणि ती महसूल खात्याला आमच्या आजोबांच्या आधीपासून ठाऊक आहे.

चाळणे म्हणजे काय, ते आधी दाखवतो. समजा, एका जिल्ह्यात ९० मंडळे आहेत. १२२ दिवसांच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक लिहिल्या तर १०,९८० ओळी होतात. प्रत्येक ओळीत पाच रकाने : मंडळाचा कोड, तालुका, मंडळ, तारीख, पाऊस. फाइल साध्या मजकुराची, रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले (हीच सीएसव्ही). अशा फाइलीतून जिल्ह्यातले अतिवृष्टीचे सगळे दिवस काढायला लागणारा प्रोग्राम असा :

$5 > 65

एवढाच. पाचव्या रकान्यातला आकडा ६५ पेक्षा मोठा असेल तर ती ओळ दाखव, असा त्याचा अर्थ. रकाने स्वल्पविरामाने तोडले आहेत हे आज्ञेत वेगळे सांगायचे, की झाले. दहा-अकरा हजार ओळी चाळायला साध्या लॅपटॉपला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. निघालेल्या ओळींतून फक्त मंडळाचा रकाना कापून घेतला, त्यांचा क्रम लावला आणि एकसारख्या ओळी मोजल्या, की कुठल्या मंडळात किती दिवस अतिवृष्टी झाली याची यादी तयार. सरपंचाला उत्तर मिळाले, आणि त्याच्याबरोबर उरलेल्या ८९ मंडळांनाही मिळाले.

ही भाषा ‘ऑक’. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७७ साली आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहन या तिघांनी ती रचली आणि आपल्या आडनावांची आद्याक्षरे जोडून तिला नाव दिले. तिच्या जोडीला त्याच प्रयोगशाळेतल्या युनिक्स या संगणकप्रणालीच्या घरातली छोटी अवजारे आहेत : हवी ती ओळ शोधणारे ग्रेप, रकाना कापणारे कट, क्रम लावणारे सॉर्ट, सारख्या ओळी मोजणारे युनिक, दोन तक्ते सामाईक रकान्यावर जोडणारे जॉइन. एकातून निघालेल्या ओळी थेट दुसऱ्यात सोडायची सोय बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून १९७३ मध्ये आली. आज ही अवजारे लिनक्सवर आणि मॅकवर आधीपासून असतात, विंडोजवर फुकट मिळतात. भाषा जुनी असली तरी अडगळीत पडलेली नाही. २०२२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कर्निहन यांनी स्वतः बसून ऑकला युनिकोड शिकवले. २०२३ मध्ये तिच्यावरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली आणि आता भाषेत स्वल्पविरामी फाइली नीट वाचण्याची सोयही आहे. कॉलेजातल्या कुठल्याही पोराला हे सगळे आठवड्याभरात जमते. गावोगावच्या पोरांना ते शिकवायला आम्ही तयार आहोत. आमचे घोडे अडते ते तुमच्या फाइलीपाशी.

कसे अडते, ते पाहा. पावसाच्या रकान्यात कोणी ‘115’ न लिहिता ‘115 मि.मी.’ लिहिले, की यंत्राच्या दृष्टीने तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. मग तुलना आकड्यांची न होता अक्षरांची होते, शब्दकोशात शब्द लावावेत तशी. ‘115 मि.मी.’ची सुरुवात 1 ने होते आणि 1 हा 6 च्या आधी येतो, म्हणून ११५ मिलिमीटरचे मंडळ यादीतून गळते. ‘7 मि.मी.’ची सुरुवात 7 ने होते, म्हणून सात मिलिमीटरची भुरभुर अतिवृष्टीत जमा होते. पाऊस झाला नाही म्हणून कोणी ‘निरंक’ लिहिले, तर तेही यादीत येते, कारण संगणकाच्या क्रमात देवनागरी अक्षरे इंग्रजी आकड्यांच्या नंतर लागतात. कोरडे मंडळ अतिवृष्टीग्रस्त ठरते आणि बुडालेले मंडळ कोरडे. तक्ता डोळ्यांनी वाचणाऱ्याला यात काहीच वावगे दिसत नाही. आकड्याच्या घरात अक्षरे लिहिली, एवढाच दोष.

देवनागरी आकड्यांचेही असेच होते. ‘६५’ हे आपल्याला आकडा म्हणून दिसते, पण ऑकसारख्या अवजारांना ती दोन अक्षरे वाटतात. तुलना केली तर बहुतेक वेळा झाडून सगळ्या ओळी पात्र ठरतात. बेरीज केली तर शून्य येते. मराठी आकडे छापील तक्त्यात असलेच पाहिजेत, त्यावर दुमत नाही. हे पत्रही त्याच आकड्यांत लिहिले आहे. पण ज्या फाइलीवर गणित व्हायचे आहे, तिच्यात 0 ते 9 ठेवा. छापताना ते मराठीत बदलून घ्यायला एका ओळीची आज्ञा पुरते.

पुढचा अडथळा सजावटीचा. तालुक्याचे नाव एकदाच लिहून खालची दहा घरे एकत्र केलेली असतात. फाइल मजकुरात बदलली की नाव पहिल्या ओळीला मिळते आणि उरलेली नऊ मंडळे बेवारस होतात. मथळे दुमजली असतात : वर ‘खरीप’, खाली ‘सरासरी क्षेत्र’ आणि ‘पेरणी झालेले क्षेत्र’. तालुक्याच्या शेवटी ‘एकूण’, जिल्ह्याच्या शेवटी ‘एकंदर’. पेरणीच्या तक्त्यात अशा ओळी न वगळता रकान्याची बेरीज केली, तर जिल्ह्याचे पेरणीक्षेत्र बरोबर तिप्पट येते : एकदा मंडळांचे, एकदा तालुक्यांचे, एकदा जिल्ह्याचे. कधी महत्त्वाची मंडळे पिवळ्या रंगाने भरलेली असतात आणि तो रंग हीच माहिती असते. मजकुराच्या फाइलीत रंग उतरत नाही. बेरजा, रंग, ठळक अक्षरे हे सगळे वाचकाच्या सोयीचे आहे, आणि ते छापील तक्त्यात जरूर असावे. मूळ नोंदीत त्याला जागा नको. बेरीज केव्हाही करता येते. बेरजेत मिसळलेली नोंद सोडवत बसावी लागते.

मग पीडीएफ. अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये ती आणली ती कागदाचे पान कुठल्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसावे म्हणून. पानावर कोणते अक्षर कुठे उमटवायचे, एवढे तिला ठाऊक असते. ओळ आणि रकाना असे तिच्या पोटात सहसा काही नसते. ते आपल्या डोळ्यांना दिसते. पीडीएफमधून तक्ता उपसून काढणारी अवजारे आहेत, पण पोकळ जागा बघून ‘इथे रकाना असावा’ असा अंदाज बांधणे यापलीकडे ती फारसे काही करू शकत नाहीत. त्यातही तक्ता छापून, सही-शिक्का घेऊन, पुन्हा स्कॅन करून चढवला असेल तर अक्षरेही उरत नाहीत, उरतो नुसता फोटो. आणि मजकूर डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा श्री-लिपीच्या जुन्या फाँटात असेल तर पडद्यावर ‘निफाड’ दिसते आणि फाइलीत मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा असतो. युनिकोडमध्ये देवनागरी येऊन पाव शतकाहून जास्त काळ लोटला. तरीही एकाच तालुक्याच्या दोन कार्यालयांतले ‘निफाड’ एकमेकांना ओळखत नाहीत, याला काय म्हणावे?

नावांचा गोंधळ फाँट सुधारला तरी संपत नाही. ‘पिंपळगाव’ आणि ‘पिंपळगांव’ तुम्हा-आम्हाला एकच, यंत्राला दोन. ‘बुद्रुक’, ‘बु.’ आणि ‘बु॥’ अशी एकाच गावाची तीन गावे होतात. त्यात टंकताना कुठे अदृश्य जोडचिन्ह शिरले, की डोळ्यांना हुबेहूब सारखी दिसणारी दोन नावे जुळत नाहीत आणि चूक शोधणारा वेडा व्हायची पाळी येते. भर म्हणून जिल्ह्यांची नावे बदलली : २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, २०२४ मध्ये अहिल्यानगर. दहा वर्षांचे तक्ते नावावर जोडायला गेले, की हे तिन्ही जिल्हे मध्येच संपतात आणि तीन नवे जिल्हे जन्माला येतात. खरोखर नवा झालेला जिल्हा पालघर, २०१४ मध्ये ठाण्यातून निघालेला. पण नावावर चालणाऱ्या जोडणीला खरे विभाजन आणि नुसते नामांतर यांतला फरक कळायचा कसा?

याचे औषध तुमच्याच कपाटात आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत राज्य, जिल्हा, तालुका, गाव, प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी क्रमांक होता. तक्त्यात नावाच्या शेजारी तो क्रमांक लिहिला, की अनुस्वार असो-नसो, जोडणी क्रमांकावर होते. नाव हवे तसे लिहा, हवे तेव्हा बदला.

आता तक्ता लांब करावा की रुंद, हा प्रश्न. एका ओळीत एक मंडळ आणि पुढे एक ते एकतीस तारखांचे एकतीस रकाने, हा रुंद तक्ता. भिंतीवर लावायला तो सुटसुटीत. पण ‘ज्या दिवशी ६५ च्या वर’ हा प्रश्न विचारायचा तर एकतीस रकाने एकेक करून तपासावे लागतात, महिना बदलला की तीस, फेब्रुवारीत अठ्ठावीस. लांब तक्त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एका मंडळाची एका दिवसाची एक नोंद. न्यूझीलंडचे संख्याशास्त्रज्ञ हॅडली विकॅम यांनी २०१४ मधल्या एका निबंधात हा नियम नेटका मांडला : प्रत्येक गुणधर्माला एक रकाना, प्रत्येक नोंदीला एक ओळ, प्रत्येक प्रकारच्या नोंदींना एक तक्ता. लांब तक्त्यातून हवा तसा रुंद तक्ता पाच-सात ओळींच्या स्क्रिप्टने तयार होतो. महिन्यांचे रकाने करा, तालुक्यांचे करा, वर्षांचे करा. म्हणून साठवायचा तो लांब. दाखवायचा तो हवा तसा.

याचे चांगले उदाहरण कांद्याच्या भावाचे. बाजारभावाच्या तक्त्यात रकाने असतात ते असे : शेतमाल, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. हा तक्ता मुळात लांबच्या जवळ जाणारा आहे, त्याबद्दल शाबासकी. पण अनेकदा बाजार समितीचे नाव किंवा तारीख प्रत्येक ओळीत नसते, वर मथळ्यासारखी एकदाच लिहिलेली असते. ओळ चाळून बाहेर काढली की ती कुठली आणि कधीची, हे हरवते. परिमाण कुठे क्विंटल, कुठे नग. आणि आवकेचा आकडा ‘1,250’ असा स्वल्पविराम घालून, तोही अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, की एका रकान्याचे दोन होतात आणि पुढचे सगळे दर एक घर सरकतात.

हे नीट असले तर काय मिळते? नमुन्यादाखल आकडे घेऊ. एका बाजारात ५,००० क्विंटल कांदा १,५०० रुपयांनी गेला आणि दुसऱ्यात २०० क्विंटल २,५०० रुपयांनी. दोन दरांची सरळ सरासरी २,००० रुपये. बातमीत हाच आकडा जातो आणि कांदा दोन हजारांवर पोहोचल्याचे जाहीर होते. आवक लक्षात घेऊन सरासरी काढली तर ती जेमतेम १,५३८ रुपये येते. शेतकऱ्यांच्या पदरात काय पडले हे सांगणारा आकडा हा दुसरा. त्यासाठी ऑकला सांगायचे इतकेच : प्रत्येक ओळीत आवक गुणिले दर एका बेरजेत टाक, नुसती आवक दुसऱ्या बेरजेत टाक, शेवटी पहिलीला दुसरीने भाग. तीन वाक्ये मराठीत, तीन ओळी स्क्रिप्टमध्ये. हे लासलगावच्या शेतकऱ्याच्या पोराला करता आले पाहिजे, त्यासाठी मुंबईच्या सल्लागार कंपनीची पायरी चढायला लागू नये.

ही शिस्त महसूल खात्याला नवी नाही, असे वर म्हटले ते उगाच नाही. तलाठ्याच्या दप्तरातले गाव नमुने आठवा. गाव नमुना एक ते एकवीस. प्रत्येकाचे रकाने ठरलेले, त्यांचा क्रम ठरलेला. नमुना सहा फेरफारांचा, सात अधिकार अभिलेखाचा, बारा पिकांचा, आठ-अ खात्यांचा. गडचिरोलीचा तलाठी असो की सिंधुदुर्गाचा, रकाना तोच, त्यात काय भरायचे ते ठरलेले, आणि फेरफाराचा क्रमांक धरून एका नमुन्यातून दुसऱ्यात जाता येते. संगणकशास्त्रात ज्याला संबंधित तक्त्यांची रचना म्हणतात आणि जिची मांडणी ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये केली, तिची व्यवहारातली समज गावच्या चावडीत आधीपासून होती. कागदावर ती पाळली, कारण न पाळणाऱ्याला तपासणीत मंडळ अधिकारी जाब विचारायचा. एक्सेल आले आणि जाब विचारणारे कोणी राहिले नाही. ज्याला जसे सुचेल तसे रकाने, जशी हौस तसे रंग. यंत्र सुधारले आणि नमुना बिघडला, हे आमचे स्पष्ट मत आहे.

ही ढिलाई फक्त आपल्याकडचीच नाही. २०२० च्या शरद ऋतूत, कोविडची साथ ऐन भरात असताना, इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकड्यांतून २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण गळाले. प्रयोगशाळांनी निकाल साध्या मजकुराच्या फाइलींत नीट पाठवले होते. मधल्या टप्प्यावर ते एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ओतले गेले, आणि त्या प्रकारात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावतच नाहीत. एका रुग्णाच्या अनेक ओळी होत असल्याने एका फाइलीत सुमारे चौदाशे रुग्णांचीच सोय होती. पुढचे गळाले आणि त्यांच्या संपर्कातल्या हजारो लोकांना वेळेवर निरोप गेला नाही. जीवशास्त्रज्ञांची कहाणी आणखी मासलेवाईक. मार्च-१, सेप्ट-२ अशी नावे असलेल्या जनुकांना एक्सेल परस्पर तारखा करून टाकी. इतक्या शोधनिबंधांत ही चूक शिरली, की २०२० पर्यंत नामकरण समितीने शेवटी जनुकांचीच नावे बदलली. एक्सेल वाईट आहे असा याचा अर्थ नाही. आकडे भरायला आणि बघायला ते उत्तमच. पण मूळ नोंद साध्या मजकुरात शेजारी असली, की अशी गळती मोजता येते : आत किती ओळी गेल्या, बाहेर किती आल्या, एवढे ताडून बघायचे.

तुमच्या शंका आम्हाला ठाऊक आहेत. पहिली, सही-शिक्क्याची. साध्या फाइलीत कोणीही आकडा बदलेल, मग जबाबदार कोण? उत्तर असे, की सहीची पीडीएफ काढूच नका असे आम्ही म्हणत नाही. ती पुरावा म्हणून राहू द्या, शेजारी ही फाइल वापरासाठी ठेवा. कोणी आकडा फिरवला तर संकेतस्थळावरची मूळ फाइल त्याला तिथल्या तिथे खोटे पाडेल. उलट आज पीडीएफवरून हाताने उतरवताना होणाऱ्या चुका कोणी पकडतच नाही.

दुसरी शंका कामाच्या बोजाची. तक्ता मुळात एक्सेलमध्येच भरलेला असतो. तो ‘सीएसव्ही युटीएफ-८’ या प्रकारात सेव्ह करणे म्हणजे काही क्षणांचे काम. सेव्ह करताना दिसणाऱ्या प्रकारांच्या यादीत नुसती ‘सीएसव्ही’ अशीही निवड असते, ती टाळा. तिने अनेक संगणकांवर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा लागतात. आणि बोजाचेच म्हणाल तर तो कमी होईल. विधिमंडळात तारांकित प्रश्न लागला, की ‘गेल्या पाच वर्षांची तालुकानिहाय माहिती सायंकाळपर्यंत’ असा निरोप येतो आणि रात्री नऊपर्यंत कार्यालयातले दिवे चालू राहतात. नोंदी एका साच्यात असतील तर ती माहिती एका आज्ञेत निघते. स्क्रिप्टचा पहिला लाभार्थी तुमचाच कारकून असणार आहे.

तिसरी शंका खासगी माहितीची, आणि ती रास्त आहे. लाभार्थ्यांच्या याद्यांत बँक खाते, आधार, मोबाइल असे रकाने असतात. ते कुठल्याच स्वरूपात बाहेर जाऊ नयेत, पीडीएफमध्येही नाही. पीडीएफवर पांढरी पट्टी चढवली तरी खालचा मजकूर पुष्कळदा तसाच राहतो, निवडून चिकटवला की वाचता येतो. मजकुराच्या फाइलीतून रकाना कापला की तो खरोखर गेला. म्हणजे गुप्तता राखायलाही साधी फाइल सोयीची.

कायद्याचे सांगायचे तर आम्ही काही मेहेरबानी मागत नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला सांगितले आहे. ती सहज मिळावी, शक्य तितकी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असावी आणि स्थानिक भाषेचा विचार व्हावा, हेही तिथेच आहे. कलम २ मध्ये माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क आहे. कलम ७ म्हणते, की माहिती सामान्यतः मागितली त्याच स्वरूपात द्यावी, कार्यालयाच्या साधनसामग्रीवर प्रमाणाबाहेर ताण येत नसेल तर. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने सरकारी विदा यंत्राला वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात द्यायचे ठरवले आणि त्याच वर्षी केंद्राचे खुल्या विदेचे संकेतस्थळ सुरू झाले. कायदा आणि धोरण दोन्ही जागेवर आहेत. फाइलीला फक्त साचा नाही.

म्हणून मागण्या मोजक्या :

१. प्रत्येक तक्त्याच्या पीडीएफशेजारी त्याच तक्त्याची सीएसव्ही फाइल ठेवावी, युनिकोड युटीएफ-८ मध्ये.

२. एक ओळ म्हणजे एक नोंद. मथळा एकाच ओळीचा. एकत्र केलेली घरे नकोत, ‘एकूण’च्या ओळी नकोत. तारीख, तालुका, बाजार समिती प्रत्येक ओळीत पुन्हा लिहावी.

३. आकड्याच्या रकान्यात निव्वळ आकडा, 0 ते 9 मध्ये, मधल्या स्वल्पविरामांशिवाय. एकक मथळ्यात लिहावे.

४. पाऊस शून्य असेल तर 0 लिहावे. यंत्र बंद असेल किंवा नोंदच आली नसेल तर घर रिकामे ठेवावे आणि कारणाचा वेगळा रकाना द्यावा. बंद पडलेल्या पर्जन्यमापकाचे ‘शून्य’ हे शेतकऱ्याच्या नावावर लागलेले खोटे असते.

५. तारीख 2025-07-04 अशी लिहावी, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे अक्षरांच्या क्रमाने लावली तरी तारखांचा क्रम बरोबर लागतो.

६. जिल्हा, तालुका, गाव यांच्या नावाशेजारी शासकीय क्रमांक द्यावा.

७. रकान्यांची नावे व क्रम वर्षभर बदलू नयेत, आणि कुठल्या रकान्यात काय आहे याचा अर्ध्या पानाचा खुलासा सोबत ठेवावा.

८. जुन्या फाइली संकेतस्थळावरून काढू नयेत. आकडा दुरुस्त केला तर केव्हा आणि का, ते लिहावे.

यांपैकी एकाही मागणीला मंत्रालयातून आदेश यायची वाट पाहावी लागत नाही. जो कर्मचारी तक्ता भरतो, त्याच्या टेबलावर हे आठही बदल होऊ शकतात. आदेश आला तर उत्तमच, मग गाव नमुन्यांसारखा एकच साचा सगळ्या जिल्ह्यांना लागू होईल आणि छत्तीस जिल्ह्यांच्या फाइली एकाखाली एक जोडून राज्याचा तक्ता तयार होईल. पण तोवर एका जिल्ह्याने, निदान एका तालुक्याने सुरुवात करावी.

आमची विनंती ठोस आहे. येत्या पावसाळ्यात एक जूनपासून मंडळनिहाय पावसाची एकच फाइल ठेवा आणि रोज सकाळी तिच्यात त्या दिवसाच्या ओळी खाली जोडत जा. बाकी काही करू नका. चाळायचे काम आमच्याकडे लागले. तीस सप्टेंबरला जिल्ह्यातल्या प्रत्येक सरपंचाच्या हाती त्याच्या मंडळाचा हिशेब असेल, आणि तो तुमच्याच आकड्यांवर उभा असल्याने कोणी नाकारू शकणार नाही.

कळावे,

आपला,
तालुक्याच्या गावी राहून पावसाचे आणि बाजारभावाचे तक्ते जुळवणारा एक नागरिक